लांबलेली पाळी आणि प्रवासाचा शीण

गौरी-गणपतीच्या दिवसांत नायगावातील पुष्कळ कुटुंबे कोकणातील आपल्या गावी जातात. रात्रभराचा एस. टी.चा प्रवास, पोहोचताच कामाचा रगाडा, जागरणे, अवेळी जेवण. परतल्यावर घरातील एखाद्या स्त्रीची पाळी आठ-दहा दिवस लांबते आणि ‘प्रवासाचा शीण’ एवढ्या दोन शब्दांत त्या विषयाची बोळवण होते. हे निदान पुष्कळदा बरोबर असते. परंतु प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

मासिक चक्राची सूत्रे मेंदूच्या हाती असतात. मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग पियुषिका ग्रंथीला संदेश देतो आणि ती ग्रंथी अंडाशयाला. झोपमोड, उपासमार, ताप किंवा मनावरचा ताण यांनी हा संदेश मंदावतो व स्त्रीबीज बाहेर पडण्यास विलंब लागतो. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ मात्र साधारणतः दोन आठवड्यांचा असून तो फारसा बदलत नाही. म्हणूनच आज लांबलेल्या पाळीचे कारण कालच्या प्रवासात नसून तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलेल्या तापात असू शकते. शिवाय सणात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कित्येकजणी डॉक्टरांना न विचारताच घेतात. मग त्याचे खापर बिचाऱ्या एस. टी.वर कशाला?

खरी काळजी निराळीच आहे. नायगावला लागून असलेल्या शिवडीत महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षय म्हटला की आपल्याला खोकलाच आठवतो. वस्तुतः फुप्फुसांतील जंतू रक्तावाटे गर्भनलिका व गर्भाशयाचे अस्तर येथवर पोहोचू शकतात. अशा क्षयात खोकला नसतानाही पाळी अनियमित होते, अंगावरून कमी जाते, क्वचित बंदच होते. कित्येक स्त्रियांना त्याचा पत्ता लागतो तो मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर. औषधांनी जंतू मरतात. परंतु एकदा चिकटलेल्या नलिका पुन्हा मोकळ्या होतीलच असे नाही. वर्षभर ‘शीण’ म्हणून काढणारीने काय गमावले, हे तेव्हा उमगते.

गरोदरपणाची शक्यता असेल, तर पाळी चुकताच चाचणी करावी. एरवी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. वजन घटत असेल वा संध्याकाळी कणकण येत असेल, तर तेवढेही थांबू नये. थायरॉईडचा विकारही असाच लपून राहतो. १९२६ साली सुरू झालेली परळची के. ई. एम. आणि वाडिया प्रसूती ही दोन्ही रुग्णालये नायगावपासून जवळच आहेत. अडचण आहे ती घरी सांगण्याची. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते १९२७ साली. तरीही अनेक घरांत हा विषय आजही खालच्या आवाजातच निघतो.

दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण टिपतो, त्यावरच पाळीची तारीखही टिपावी, आणि आजारपण वा प्रवास झाल्यास तोही. शेवटची पाळी केव्हा आली, हाच डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.