वडिलोपार्जित घर विकताना : सही करण्याआधी एवढं वाचा

ताईंनो, घरातलं कर्तं माणूस गेलं की वर्ष-दोन वर्षांत घराचा विषय निघतोच. कुणी पुण्या-मुंबईला स्थायिक झालेलं असतं, कुणाला कर्ज फेडायचं असतं. मग गिऱ्हाईक ठरतं, इसार घेतला जातो आणि एक दिवस माहेरून किंवा दिराकडून निरोप येतो, "नुसती सही करायला ये." ही नुसती सही कशाची असते, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. म्हणून या अंकात वारसाहक्काने आलेलं घर विकण्याची वाट पायरीपायरीने समजून घेऊ.

घर कुणाच्या नावावर आहे?

पहिलं काम म्हणजे उतारा काढणं. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते. ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिकाही मिळते. घर शेतात असेल तर सातबारा पाहावा लागतो. नमुना 8 ही घरपट्टीची नोंद आहे. त्यावर एकट्या भावाचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक होत नाही, आणि तुमचं नाव नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. पण गिऱ्हाईक उतारा बघूनच पैसे देतं. म्हणून सगळ्या वारसांची नावं वेळेत लावून घ्या.

वारस कोण?

हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींनाही हा कायदा सरसकट लागू नाही. आदिवासी भगिनींनी आधी वकिलाला विचारावं.

समजा, वडिलांनी स्वतःच्या कमाईने घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता ते वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. तर सरळ पाच समान हिस्से होतात. घर 10 लाखांना गेलं तर प्रत्येकाचे 2 लाख, आईचेसुद्धा. मुलीचं लग्न झालं, हुंडा दिला, याने हिस्सा कमी होत नाही.

यातला एक मुलगा वडिलांच्या आधीच वारला असेल, तर त्याचा हिस्सा त्याच्या विधवेला आणि मुलांना मिळतो. एक लेकरू असेल तर दोघांना 1-1 लाख. "नवराच राहिला नाही, आता तुझं काय इथं?" असं कुणी म्हणालं तर हा हिशोब लक्षात ठेवा.

घर आजा-पणज्यापासून एकत्र कुटुंबाचं असेल तर हिशोब थोडा वेगळा होतो, पण मुलगी त्यातही मुलाइतकीच हक्कदार आहे. ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री यामुळे मोडत नाही.

मृत्युपत्र असेल तर?

मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार लागतात. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. माणूस फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करू शकतो. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. आपल्या खेड्यातल्या घरासाठी हिंदू कुटुंबाला ते सक्तीचं नाही. पण वारसांत वाद असेल किंवा गिऱ्हाईक, बँक अडून बसली तर कोर्टात जावं लागतं.

मृत्युपत्र नसेल आणि वारस कोण यावरच भांडण असेल, तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढतात. बँकेतल्या पैशांसाठी लागणारा उत्तराधिकार दाखला वेगळा. तो घराच्या कामाला येत नाही.

नोंद कशी लावायची?

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. मग मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, उतारा, घरपट्टीची पावती आणि आधार घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज द्या. शेतजमीन किंवा सातबारा असेल तर तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत. फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. प्रतिज्ञापत्रात एखाद्या बहिणीचं नाव गाळलं असेल तर हरकत घेण्याची वेळ हीच. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

सही कशावर?

कागद दोन प्रकारचे असतात. खरेदीखतावर सही म्हणजे तुम्ही तुमचा हिस्सा विकताय आणि किंमत तुम्हाला मिळायला हवी. हक्कसोडपत्रावर सही म्हणजे तुम्ही हिस्सा सोडताय. एकदा नोंदणी झाली की तो परत मिळवणं फार कठीण. भावाला राजीखुशीने हिस्सा द्यायचा असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण साडीचोळी आणि "माहेर तुटेल" या भीतीवर हक्क सोडू नका.

- कागद पूर्ण वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा कधीच नाही.
- दोन्ही कागदांची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे लागते. नुसती नोटरी चालत नाही.
- एका वारसाला सगळ्यांचं घर विकता येत नाही. तुमच्या सहीशिवाय विकलं तरी तुमचा हिस्सा जात नाही, पण तक्रारीला उशीर करू नका.
- कुणी आपला हिस्सा परक्याला विकत असेल, तर तो आधी घेण्याचा हक्क वारसांना मागता येतो.
- अज्ञान लेकराच्या नावे आलेला हिस्सा विकायचा असेल तर आधी कोर्टाची परवानगी काढा.
- पैसे आपल्या स्वतःच्या खात्यावर घ्या. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रक्कम रोखीने घेतली तर आयकर कायद्यात दंड आहे.
- आई त्याच घरात राहत असेल तर ती पुढे कुठे राहणार, हे इसार घेण्याआधी ठरवा.

मदत कुठे?

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा किंवा 15100 या नंबरवर फोन करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा घेऊन या. सासरचा आणि जमलं तर माहेरचाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवा. त्यावर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, हे घर विकायला निघण्याआधी कळलेलं बरं.