प्रतिरोपित वृक्कातील अर्बुदांचे श्राव्यातीत निदान

दात्याच्या शरीरातून काढून रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या वृक्कात (मूत्रपिंडात) उद्‌भवणाऱ्या गाठींचा श्राव्यातीत ध्वनितरंगांनी शोध घेण्याची पद्धती. पहिले यशस्वी वृक्क प्रतिरोपण १९५४ मध्ये बॉस्टन येथे जुळ्या भावांत झाले. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याचे वृक्क बसविण्यात आले.

कारणे : शरीराने परके वृक्क नाकारू नये म्हणून रुग्णास प्रतिरक्षा दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे अर्बुदकोशिका नष्ट करण्याची शरीराची क्षमता घटते. एपस्टाइन-बार व्हायरसाच्या संसर्गातून लसीका ऊतकाची अतिवृद्धी होऊ शकते. क्वचित दात्याच्या वृक्कातील न आढळलेले सूक्ष्म अर्बुदही त्याच्याबरोबर येते.

पद्धती : प्रतिरोपित वृक्क ओटीपोटात एका बाजूस, त्वचेखाली थोड्याच खोलीवर असते. त्यामुळे सेकंदास सु. २० ते ५० लाख कंपने असलेल्या तरंगांच्या प्रतिध्वनींपासून त्याची स्पष्ट प्रतिमा मिळते. द्रवाने भरलेली साधी पुटी काळी दिसते. घन गाठीतून प्रतिध्वनी येतात. डॉप्लर तंत्राने गाठीतील रक्तप्रवाह कळतो. या परीक्षेत क्ष-किरण वापरले जात नसल्याने ती वारंवार करता येते. आवश्यक तेव्हा शिरेतून सूक्ष्म वायुबुद्‌बुद देऊन प्रतिमा अधिक स्पष्ट करतात. ते वृक्कास अपायकारक नसतात.

मर्यादा : साकळलेले रक्त, गळू किंवा स्थानिक संसर्ग यांची प्रतिमा गाठीसारखी भासू शकते. म्हणून संशय असल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन करतात; ऊतकाचा तुकडा तपासल्याने निदान निश्चित होते. शिवाय रुग्णाची स्वतःची निकामी वृक्के बहुधा काढून टाकलेली नसतात. ती आक्रसलेली व पाठीकडे खोलवर असतात आणि दीर्घकाळ अपोहन झालेल्यांत त्यांत पुटी होतात. वृक्क-कर्करोग प्रतिरोपित वृक्कापेक्षा या मूळ वृक्कांतच अधिक आढळतो. त्यामुळे केवळ नवे वृक्क पाहून परीक्षा संपविल्यास कर्करोग नजरेआड राहू शकतो.

महत्त्व : प्रतिरोपित वृक्क काढावे लागल्यास रुग्णास पुन्हा अपोहनाचा आधार घ्यावा लागतो. अर्बुद लहान असताना आढळल्यास पुष्कळदा तेवढाच भाग काढून किंवा उष्णतेने अथवा गोठवून नष्ट करून उरलेले वृक्क कार्यक्षम ठेवता येते. लसीका अतिवृद्धीत काही वेळा औषधांची मात्रा घटविल्यानेच गाठ मागे हटते. मात्र त्यामुळे वृक्क नाकारले जाण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांत अर्बुद वेदना न देता वाढू शकत असल्याने, तक्रार नसतानाही ठराविक काळाने तिन्ही वृक्कांची तपासणी करणे हितावह ठरते.