लांब कटरचा मोह

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत किंवा उल्हासनगरच्या वर्कशॉपांत जाड लोखंडी प्लेटला मोठं छिद्र पाडायचं, तर मॅग्नेटिक ड्रिल आणि आतून पोकळ असलेला कोअर कटर सोयीचा. तो सगळं लोखंड कुरतडत नाही. कडेचं कडं तेवढं कापतो आणि मधला गाभा अख्खा काढतो. २० मिमीच्या बोल्टसाठी २२ मिमीचं छिद्र घ्या. कटरची भिंत ४ मिमी धरली, तर साधारण ६० टक्केच धातूचा चुरा होतो. ५० मिमीच्या छिद्रात जेमतेम ३० टक्के. पण पोकळीलाही तळ असतो. कटिंग डेप्थ २५ मिमी असेल, तर त्यापुढे गाभा तळाला टेकतो आणि रेटलं की दात तुटतात.

मग सरसकट ५० मिमी डेप्थचाच कटर घ्यावा, पातळ आणि जाड प्लेटांची दोन्ही कामं होतील? हिशेब वरवर बरोबर, पण महागात पडणारा. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच आडव्या जोराने तो आठपट वाकतो. कटरला हा आकडा तंतोतंत लागू नाही. दिशा मात्र तीच. १२ मिमीच्या प्लेटवर लांब कटर जास्त थरथरतो, छिद्र ऐसपैस होतं, धार लवकर जाते. दोन प्लेटा एकत्र कापताना जाडीची बेरीज धरावी लागते, हे मान्य. पण तिथे वरच्या प्लेटचा सुटलेला गाभा कटरबरोबर फिरून खालच्या कापाच्या आड येतो, आणि लांबी वाढवून तो अडथळा जात नाही. ४० मिमीच्या बेस प्लेटला मात्र लांब कटरच हवा, कारण दोन बाजूंनी अर्धं-अर्धं कापलं तर केंद्र जुळवताना नाकी नऊ येतात. तिथे फीड बेताचा ठेवावा आणि कूलंटमध्ये काटकसर नको.