सोनेरी काठाची कपबशी

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाताना विंचूर लागते. हल्ली हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते कांद्याच्या लिलावामुळे आणि वाइन पार्कमुळे. मुळात ते सरदारांचे गाव. पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी आडनावाचे. विंचूरच्या जहागिरीने त्यांना विंचूरकर केले. त्या काळच्या सोवळ्याच्या पंगतीत पत्रावळ चाले, पितळ चाले, चांदी तर शोभेच. चिनी मातीची ताटली मात्र चालत नसे.

कारण शास्त्रातले होते. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, सोन्याला तर नुसते पाणी पुरते. मातीचे भांडे एकदा विटाळले की पुन्हा भट्टीत घाला, नाहीतर फेका. मग पांढऱ्या बशीला सोन्याचा काठ असेल तर काय करायचे? काठ शुद्ध आणि बशी विटाळलेली! गंमत म्हणजे लोणच्याची बरणी त्याच जातीची, पण ती फडताळात मानाने बसलेली. आंबटखारटापुढे पितळ टिकत नाही, म्हणून सोवळ्याने तिथे डोळेझाक केली असावी.

कपाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठवले ते ऑक्टोबर 1890 मध्ये. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी ‘पुणे वैभव’मध्ये नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आक्षेप अर्थात मिशनऱ्यांच्या हातच्या चहाला होता. पुढच्या दोन पिढ्यांत कपबशी घरोघरी शिरली.

या भांड्याचा युरोपातला जन्मही सोन्याच्या हव्यासातून झाला. चीनमध्ये ते शतकानुशतके बनत होते, युरोपला कृती सापडत नव्हती. योहान ब्यॉटगर हा किमयागार सोने करून दाखवतो म्हणाला, तेव्हा सॅक्सनीच्या शासकाने त्याला कोंडून ठेवले. सोने काही झाले नाही. चिर्नहाउस या विद्वानाच्या जोडीने केलेल्या प्रयोगांतून पोर्सेलिन मात्र निघाले, आणि 1710 साली माइसेनचा कारखाना सुरू झाला. पुढे इंग्रजांनी मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख घातली, जवळजवळ निम्मी. हीच बोन चायना. ग्रामण्यवाल्यांना हे कळते तर!

सोन्याची रेघ सर्वांत शेवटी येते. केओलिनची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे भांडे साधारण 1300 ते 1400 अंशांवर भाजून, झिलई चढून तयार झालेले असते. ते फिरत्या चाकावर ठेवून कारागीर बारीक कुंचला काठाला टेकवतो. हात स्थिर, चाक फिरते. कुंचल्यातला द्रव काळपट तपकिरी असतो, त्यात सोने दहा-बारा टक्केच. 700-800 अंशांच्या भट्टीत बाकीचे जळते आणि झळझळीत पापुद्रा उरतो, बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. जास्त सोन्याची भारी रेघ भट्टीतून निस्तेज बाहेर येते. तिला अकीकाने घासून चकाकी आणावी लागते.

हा पापुद्रा झिलईच्या वर बसलेला असतो, आत नाही. म्हणून राख, काथ्या, तारेची घासणी यांनी तो जातो. बशीतून चहा फुरकणाऱ्या आपल्या घरांत ओठ टेकतात तिथला काठ आधी पांढरा पडतो. मला तो झिजलेला काठच आवडतो. आहेरात आलेला आणि तीस वर्षे शोकेसमध्ये उभा राहिलेला कोरा संच पाहवत नाही. पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणतात, आणि पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा मिळतो.

तुमच्याकडे असा संच असेल तर खाली काढा, रोज वापरा. मऊ फडक्याने, कोमट पाण्यात, हाताने धुवा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका. सोने धातू आहे, ठिणग्या उडतात आणि रेघ जळते.