आई-बाबांना जंगल भेट देताना

दिवाळी सरली की उपनगरांतल्या अनेक घरांत एक बेत शिजू लागतो. वडिलांना निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तोंडावर आलेला. यंदा साडी-घड्याळ नको, आई-बाबांना ताडोबाला पाठवू, असं मुलं ठरवतात. किंवा लेहला. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात; बुकिंग मोबाइलवरून होतं आणि तिकिटं मुलुंडच्या नाहीतर बोरिवलीच्या घरी थेट फोनवर येऊन पडतात. भेट अगदी मनापासूनची असते. पण ती निवडताना मुलांच्या डोळ्यांसमोर असतं ते बहुतेक वेळा स्वतःचंच शरीर.

ताडोबाचंच घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळची सफारी उजाडता उजाडता सुरू होते, म्हणजे साडेचारला उठणं आलं. उघडी जिप्सी, अंगावर येणारा गारठा, आणि ठरावीक जागा सोडल्या तर तीन-चार तास खाली उतरायची परवानगी नाही. हे कळलं की आई काय करते? आदल्या रात्रीपासून पाणीच कमी पिते. सत्तरीत तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अंगातलं पाणी आणि क्षार आणखी घटतात. मग जिप्सीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. बाबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही हेच करतात, फक्त सांगत नाहीत. मधुमेहाचं औषध नेहमीच्या वेळी घेतलं आणि नाश्ता दहा वाजता मिळाला, तर साखर खाली येण्याचा धोका वेगळाच. औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि खिशात काहीतरी गोड ठेवावं.

जिप्सीत बसायची जागाही महत्त्वाची आहे. मागच्या चाकांवरच्या सीटला सर्वांत जास्त दणके बसतात. हाडं विरळ झालेली असतील तर एका जोरदार दणक्यानेही पाठीचा मणका दबू शकतो. चालकामागची पहिली रांग आग्रहाने मागावी. आणि वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणून एप्रिल-मे निवडू नये; चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांपुढे जातो.

लेहची गोष्ट आणखी वेगळी. ते सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. अंधेरीहून निघालेला माणूस विमानाने त्याच दिवशी तिथे पोचतो. उंचीचा त्रास वय बघून होत नाही, धडधाकट नातवालाही होतो. पण हृदय किंवा फुप्फुसं आधीच दमलेली असतील तर तो सोसायला हाताशी फारसं काही शिल्लक नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तिकीट काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्यात एका गोष्टीचा विचार फारच थोडे लोक करतात. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी जातात ते उंच, बारीक स्वर. चष्मेवाल्याचं किंवा शिंजीराचं चिवचिवणं बाबांपर्यंत पोचतच नाही. गाइड झाडाकडे बोट दाखवून ‘ऐका, ऐका’ म्हणतो आणि ते नुसती मान हलवतात. भारद्वाजाचा घुमणारा आवाज, तांबटाची टुकटुक मात्र छान कळते. मोतीबिंदू असेल तर पहाटेच्या अंधूक उजेडात हरीण आणि झुडूप वेगळं दिसत नाही. अशा आई-बाबांसाठी फुलपाखरं उत्तम. ऊन अंगावर घेऊन तापल्याशिवाय फुलपाखरांना नीट उडता येत नाही, त्यामुळे पहाटे उठायची गरजच नाही. नऊ-साडेनऊला निवांत पोचावं. बीएनएचएसचं गोरेगावचं निसर्ग केंद्र आहे, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडी आहे.

मुलुंड किंवा घाटकोपरच्या घरातून निघून ऐरोलीचा पूल ओलांडला की ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. बोटीची फेरी भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी. पाण्यावरची तिरीप डोळ्यांना त्रास देते. टोपी आणि काळा चष्मा लागतोच. बोटीत चढता-उतरताना हात धरायला कोणीतरी हवं.

बोरिवलीकरांच्या तर दारातच शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. आतल्या डांबरी रस्त्यावर दुखऱ्या गुडघ्यांनाही चालता येतं. कान्हेरीच्या पायऱ्या मात्र जपून. गुडघ्यावर खरा भार चढताना नाही, उतरताना येतो. हातात खाऊची पिशवी नको. माकड ती ओढतं आणि पडतो आपण.

जवळच्या जागांवर माझा भर आहे तो केवळ दगदग टाळण्यासाठी नाही. २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत, आपली तब्येत चांगली आहे असं सांगणारे अधिक होते. ज्येष्ठांमध्ये आणि जुनाट आजार असलेल्यांमध्येही हे दिसलं. ही दोन तासांची भरती एकदम केली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं. एका पाहणीवरून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही. तरी वर्षातून एकदा चार दिवस ताडोबा आणि उरलेले एकसष्ट-बासष्ट महिन्यांसारखे लांबणारे अकरा महिने टीव्हीसमोर, यापेक्षा दर रविवारची सकाळ उद्यानात गेलेली मला जास्त पटते. त्या भेटीत पैसे थोडे लागतात आणि मुलांचा वेळ बराच लागतो. अडतं ते तिथेच. मुलं लांब असतील तर शेजारपाजारच्या दोन-तीन जोडप्यांचा गट जमवून द्यावा, जाण्या-येण्याची गाडी ठरवून द्यावी.

वस्तू द्यायचीच असेल तर दुर्बीण द्यावी. दहापट मोठं दाखवणारी नको, आठपटीची घ्यावी. हात थोडासा कापला तरी दहापटीत चित्र नाचू लागतं, आठपटीत ते बरंच स्थिर राहतं आणि आवाकाही मोठा मिळतो. ‘८ बाय ३२’ ही ‘८ बाय ४२’पेक्षा हलकी, मानेला सोसवणारी. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली सारून बघायचं असतं. ऑनलाइन मागवण्यापेक्षा आई-बाबांना दुकानात घेऊन जावं आणि समोरच्या इमारतीवरचं कबूतर त्यांना स्वतःला दिसतंय ना, ते आधी बघू द्यावं.