मत आणि माप

दिवाणखान्यात चार कर्ती माणसे बसली आणि चहाचे पेले पुढे आले की मतांना तोटा पडत नाही. राज्यकारभार कोणी कसा चालवावा, उन्हाळा अधिक कडक का होत चालला आहे, उन्हावर वीज करण्याचा खटाटोप कितपत टिकेल, धाकट्याने मोटार घ्यावी ती पेट्रोलची की विजेची, आणि आजच्या आमटीत गूळ किंचित जास्त पडला आहे की काय, या सर्व प्रश्नांचा निकाल एकाच बैठकीत लागतो. यांपैकी आमटीसंबंधीचे मत तेवढे चाखून दिलेले असते. बाकीची बहुधा न चाखताच दिली जातात, आणि अधिक मोठ्या आवाजात दिली जातात.

या सवयीवर टीकेची झोड उठवावी असा आमचा हेतू नाही. ज्या घरात मते निघत नाहीत त्या घराला कुटुंब न म्हणता खाणावळच म्हणावे लागेल. मुले दाराआडून वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकतात, आणि शाळेत न मिळणारे पुष्कळसे शिक्षण त्यांना तेथे मिळते. याच कारणास्तव त्या बोलण्याला काही माप असावे. हवामान, वीज आणि रोजचा संसार यांपुरते बोलावयाचे तर मत देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत: किती? कोणाच्या पदरी? आणि त्यात आपण काय करणार? या प्रश्नांपुढे पुष्कळ मते गळून पडतात. जी उरतात ती मात्र कामास येतात.

प्रथम ‘किती’ हा प्रश्न घेऊ. ‘पूर्वीही असाच उन्हाळा असे’ हे वाक्य एका कोपऱ्यातून ऐकू येते, तर ‘पूर्वी असे कधीच नव्हते’ हे त्याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यातून. दोन्ही वाक्ये आठवणीच्या बळावर बोललेली असतात, आणि आठवण कितीही प्रेमळ असली तरी तिला मोजता येत नाही. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस पाहा. सांताक्रूझला त्या एका दिवसाचा पाऊस ९४४ मिलिमीटर मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास तो अवघा ७३ मिलिमीटर भरला. उपनगरांत माणसे गळ्याएवढ्या पाण्यात अडकली असता कुलाब्याच्या एखाद्या गृहस्थाने खिडकीतून पाहून ‘पाऊस नेहमीसारखाच आहे’ असे म्हटले असते, तर ते त्याच्या खिडकीपुरते खरे आणि मुंबईपुरते सर्वस्वी खोटे ठरले असते.

खिडकीपलीकडचे कळावे म्हणूनच मोजणारी खाती लागतात. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि पुढे दिल्लीस गेले. तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या आकड्यांच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढल्याचे नमूद आहे. ‘अवघा पाऊण अंशही नाही!’ असे कोणी म्हणेल. परंतु सरासरी म्हणजे सर्व प्रदेश आणि सर्व ऋतू एकत्र घुसळून काढलेला आकडा. तो थोडा सरकला की टोकाचे दिवस पुष्कळ अधिक वेळा येतात. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि ते बाष्प कोसळू लागले की मुसळधार होते.

या तापण्याचे कारणही तर्काचे राहिलेले नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याने १८९६ मध्येच मांडले होते. हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजमाप सुरू झाले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता; आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे. तेव्हा ‘हे घडत आहे काय?’ हा बैठकीचा विषय नव्हे. ‘यावर काय करावे आणि त्याचा भार कोणी उचलावा?’ हा मात्र बैठकीचा, संसाराचा व राजकारणाचाही खरा विषय होय.

राजकारणात ‘किती’ हा प्रश्न टाळण्याची कला फार पुढे गेली आहे. २०२५ साली भारतातील वीज उत्पादनाच्या एकूण उभारलेल्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांवाचून चालणारी झाली. सरकारचा अभिमानी म्हणतो, ‘निम्मी वीज स्वच्छ झाली.’ विरोधक म्हणतो, ‘सारा देखावा, वीज अजून कोळशाचीच.’ दोघेही आकडा खिशात ठेवून बोलतात, पण अर्धाच. दहा पाट मांडले म्हणून दहा पाने उठतात असे नव्हे. सूर्याच्या विजेचा पाट रात्री रिकामा राहतो, ढगाळ दिवशी अर्धा भरतो. कोळशाच्या पाटावर दिवसरात्र पंगती उठतात. म्हणून क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेतील दहा भागांपैकी सात किंवा किंचित अधिक भाग कोळशाचेच असतात. दोन्ही आकडे ज्याच्या ध्यानात आले त्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: दिवसाची वीज रात्रीसाठी साठवावी कशी? त्याचे एक उत्तर सह्याद्रीतच आहे. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे की जेथे विजेला मागणी कमी असताना खालच्या तलावातील पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवतात. पक्षाभिमानाच्या वादापेक्षा असे प्रकल्प किती, कोठे आणि कोणत्या खर्चाने व्हावेत, हा वाद अधिक फलदायी ठरेल.

आता दुसरा प्रश्न: कोणाच्या पदरी? विजेला धूर नाही म्हणून तिच्यामागे कोणाचे अश्रू नाहीत असे समजू नये. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या पाण्याच्या विजेवर फिरू लागल्या. त्या पाठोपाठ मुळशी पेट्यात धरणाचे काम निघाले, आणि भाताची उत्तम खाचरे असलेली मावळातील अनेक गावे पाण्याखाली जाणार असे ठरले. एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. या इतिहासातील एक गोष्ट आपल्यासारख्या घरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या जमिनींवर कर्जापोटी ज्यांचा हक्क होता अशा पुण्याच्या सावकारांपैकी कित्येक मोबदला घेऊन मोकळे होण्यास तयार झाले. कसणाऱ्या मावळ्याला मात्र शेताच्या बदल्यात शेत हवे होते, आणि पैशाने त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. धरण झाले, भिऱ्याच्या वीजगृहातून वीज वाहू लागली. ‘देशाच्या प्रगतीसाठी थोडा त्याग करावाच लागतो’ हे मत त्या वेळी शहरात पुष्कळांच्या तोंडी असणार. त्याग कोणी करावा याचा उच्चार त्या वाक्यात नसतो, हाच त्या वाक्याचा सोयीस्करपणा.

याचा अर्थ धरणे, पवनचक्क्या वा सौर उद्याने नकोत असा नव्हे. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविषयी वा माळरानावरील सौर पटलांविषयी बोलताना ‘जमीन कोणाची, कसणारा कोण, आणि त्याच्या हाती वर्षानुवर्षे काय येणार’ एवढे विचारून मग पाठिंबा द्यावा किंवा विरोध करावा, इतकाच अर्थ.

हाच प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आतही विचारावयास हवा. मे महिन्यात शेजघरात वातशीतक यंत्र लावले की घरात गारवा आला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या यंत्राने उष्णता नष्ट केलेली नसते. आतली उष्णता बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीकडे लोटलेली असते. हे यंत्र वापरूच नये असे वृद्ध व आजारी माणसांच्या घरात कोण म्हणेल? पण ते २४ अंशांवर ठेवले तर पुरते. तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा जाणकारांचा हिशेब आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, त्याचे कारण हेच.

मात्र घरातील सर्वांत तापलेली खोली शेजघर नव्हे, स्वयंपाकघर होय. तेथे वातशीतक यंत्र नसते, आणि गॅसची ज्योत विझेल म्हणून पंखाही लावता येत नाही. सूनबाई वा आई भर दुपारी तेथे पोळ्या लाटीत असतात, आणि बाहेर गारव्यात बसून पृथ्वीच्या तापमानावर चर्चा चाललेली असते! विजेच्या इंडक्शन शेगडीत ज्योत नाही. उष्णता थेट भांड्याच्या बुडात उत्पन्न होत असल्याने फारच थोडी बाहेर सांडते, आणि पंखा खुशाल लावता येतो. तिला सपाट बुडाची, लोहचुंबक चिकटेल अशी भांडी लागतात. फुलका थेट जाळावर फुगवणे वा वांगे भाजणे तिच्यावर साधत नाही, तेव्हा गॅसची एक शेगडी राहू द्यावी. आपल्या देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे साठ टक्के परदेशातून येतो, हेही येथे नमूद करण्याजोगे. ‘आपल्याकडे हे चालावयाचे नाही’ असे मत ज्याने ती शेगडी कधी पेटवली नाही त्याने देऊ नये. जिच्या कपाळावरून घाम ओघळतो तिचे मत प्रथम घ्यावे.

घरकामास येणाऱ्या बाईचे मत तर कोणी विचारीतच नाही. ‘त्यांना सवय असते’ हे उन्हाविषयीचे मत सर्वांत सहज दिले जाते, आणि सर्वांत निष्ठुर असते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्ण लाटेत नेहमीपेक्षा हजाराहून अधिक माणसे अधिक दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृतियोजना आखली: आगाऊ इशारे, रुग्णालयांची तयारी, पिण्याच्या पाण्याची सोय, आणि पुढे गरिबांच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग. पत्र्याच्या खोलीतून उठून आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईला मे महिन्यात भर दुपारऐवजी सकाळी बोलावणे यास कोणते तंत्रज्ञान लागत नाही आणि कोणाचा पैसाही लागत नाही.

राहिला तिसरा प्रश्न: आपण काय करणार? येथे गच्चीकडे पाहावे. तीन किलोवॅटच्या सौर पटलांना सुमारे ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, आणि स्वच्छ दिवसांत त्यांतून सरासरी दहा-बारा युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एवढ्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरवले आहे. दिवसा उरलेली वीज तारेतून वीज मंडळीकडे जाते, रात्री लागणारी तिकडून येते, आणि मीटर दोन्हींची नोंद ठेवतो. पावसाळ्यात उत्पन्न घटते, पटलांवरील धूळ पुसावी लागते, आणि शेजारच्या इमारतीची सावली पडत असल्यास सारा हिशेब बदलतो. हे आधीच पाहावे.

ज्यांचे घर सदनिकेत आहे त्यांची गच्ची सर्वांची असते. तेथे संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा लागतो, उद्वाहक व पंप यांच्या वीजबिलाचे आकडे दाखवावे लागतात, आणि प्रत्येक गोष्टीस विरोध करणाऱ्या सभासदाचेही शांतपणे ऐकून घ्यावे लागते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी त्याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दिल्लीचे राजकारण कसे चालावे हे सांगणाऱ्या माणसाला वीस बिऱ्हाडांची संमती मिळवून दाखवण्याची ही उत्तम संधी आहे. लोकशाहीचा अभ्यास याहून जवळ कोठे व्हावयाचा?

सारांश, मते जरूर असावीत, पण त्यांच्याबरोबर घरात एक वही आणि एक तापमापकही असावा. वहीत दर महिन्याच्या विजेचे युनिट व गॅसच्या टाक्या लिहाव्यात. तापमापक स्वयंपाकघरात टांगावा, आणि बैठकीतील प्रत्येक कर्त्या पुरुषाने मे महिन्यात निदान एकदा दुपारी बारा वाजता, पोळ्या होईपर्यंत तेथे उभे राहून तो वाचावा. त्यानंतर तापमानवाढीविषयी जे मत तो देईल, ते घरातील सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावे.