सिंधुदुर्गात फिरायला जाताय? राहायचे कुठे ते आधी ठरवा



जानेवारीच्या पुनवेला आपल्या सोसायटीची चार कुटुंबे सिंधुदुर्गात जाऊन आली. त्याचे फोटो पेजवर टाकल्यापासून ऑफिसात बर्फाची कुपने न्यायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, राहिलात कुठे? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथे सगळे लिहून टाकतो. दर मात्र लिहीत नाही. शनिवारचा वेगळा, सोमवारचा वेगळा, नाताळात तर विचारूच नका.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या माणसांना सुट्टी मिळते ती 1 जून ते 31 जुलै, बंदीच्या दिवसांत. पण तेव्हा तिथला समुद्रही आपल्यासारखाच खवळलेला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात, स्कुबाही बंद. बंदीत गेलात तर किल्ला जेटीवरूनच बघून परत यावे लागेल. म्हणून आम्ही पुनव धरली. चांदण्यात तसेही जाळ्याला फारसे लागत नाही, होड्या दोन-चार दिवस बांधलेल्याच असतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आणि कुणकेश्वरची महाशिवरात्र या दिवसांत मात्र खोली मिळणे कठीण. जत्रेलाच जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

रस्ता आम्ही किनाऱ्याचा घेतला. केरीहून फेरीबोट, पलीकडे तेरेखोल. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या या किल्ल्यावर तिरंगा लावला होता, हे आपल्या पोरांना ठाऊक नव्हते, तिथे उभे राहून सांगितले. तेरेखोल ओलांडले की रेडी, म्हणजे महाराष्ट्र. मग शिरोडा, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरे बघून आमच्या बायकांनी लगेच सुक्या मासळीचा हिशेब मांडला. आरवलीला वेतोबाच्या पायांशी नवसाच्या भल्यामोठ्या चपला असतात, त्या बघूनच पुढे गेलो.

वेंगुर्ला आम्हाला फार आवडले. डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष, बंदर, डोंगरावरून दिसणारा समुद्र, आणि गर्दी कमी. म्हातारी माणसे बरोबर असतील, दोन दिवस नुसते शांत बसायचे असेल तर वेंगुर्ल्यातच राहा, पुढे धावू नका. आम्ही पुढे धावलो, कारण पोरांना किल्ला आणि स्कुबा हवी होती.

इथे एक सांगून ठेवतो. भोगव्याला उभे राहिले की समोर देवबाग हाताच्या अंतरावर दिसते. मध्ये फक्त कर्ली नदीचे मुख. होडीने काही मिनिटांचे काम, पण गाडीने गेलात तर खाडीला मोठा वळसा. नकाशावर बघून "भोगव्याला राहू, देवबागला फिरू" असे ठरवाल तर अर्धा दिवस गाडीतच जाईल. राहायची जागा खाडीच्या कुठल्या बाजूला आहे हे बुकिंगच्या आधी विचारा.

आता आमची फजिती. पहिल्या रात्रीची जागा फोनवरचे फोटो बघून घेतली होती. फोटोत खिडकीतून समुद्र. प्रत्यक्षात समुद्र माडांच्या पलीकडे, गच्चीवर चढून मान वाकडी केली तर दिसे. 17 माणसांना एक पाण्याची टाकी, ती सकाळी सात वाजता संपली. हेही चालले असते. पण रात्री ताटात "आजची ताजी सुरमई" आली आणि आमची थोरली मावशी, जिने 40 वर्षे बाजारात पाटी लावली, तिने तुकडा बोटाने दाबून बघितला आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाली, "बाबा, याचे कल्ले आण बघू." पोरगा बिचारा गेला तो परत आलाच नाही. मासळी फ्रीझरमधली होती, आणि ती कुणाला खायला घालत होते तर आम्हाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान उचलले आणि देवबागेत एका रापणकाराच्या घरी गेलो. मालवण बंदरावर चौकशी केली होती, तिथल्याच एका होडीवाल्याने पत्ता दिला. या भागात न्याहारी निवास म्हणून बरीच घरे आहेत, पर्यटन खात्याच्या योजनेत नोंदवलेली. घरचेच लोक पुढच्या दोन-तीन खोल्या देतात, जेवण त्यांच्याच चुलीवरचे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळी उधाणात समुद्र माडांच्या मुळाशी येतो, तिथल्या लोकांची ती कायमची काळजी. जानेवारीत मात्र पडवीत बसून दोन्हीकडचे पाणी ऐकावे. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी, दुपारी जे जाळ्यात आले ते. त्या दिवशी बांगडे आणि तारली आली. सुरमईचे नाव कुणी काढले नाही.

घराचे काका साठीच्या पुढचे. गाडीची नंबर प्लेट बघून म्हणाले, "गोव्याचे? ट्रॉलरवाले नाय मां?"

आमच्यात दोघे ट्रॉलरचे मालक होते. क्षणभर कुणीच बोलेना. मग एक जण म्हणाला, "आहेत काका, दोघांचे आहेत." काकांनी दोघांकडे बघून घेतले आणि म्हणाले, "आदी जेवा. भांडाण मगे."

भांडण झाले, पण पडवीत, सोलकढीचे पेले हातात धरून. गोव्याच्या आणि मलपीच्या हायस्पीड बोटींवर मालवणचा राग किती जुना आहे ते आपल्याला माहीत आहेच. बोटी अडवण्यापर्यंत, मारामारीपर्यंत गोष्टी गेल्या आहेत. काकांचे म्हणणे साधे. आम्ही दहा-बारा वावात जाळे टाकून येतो, रात्री ट्रॉलर वरून जातो, सकाळी जाळ्याच्या चिंध्या. एलईडीच्या दिव्यांवर 2017 पासून केंद्राची बंदी आहे, तरी क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. आमच्या मालकांपाशी उत्तर नव्हते असे नाही. डिझेल, कर्जाचे हप्ते, पकडीवर टक्का घेणारा तांडेल, मालक घरी झोपलेला असताना बोट कुठे जाते ते सकाळी कळते. काका ऐकून म्हणाले, "मग जीपीएस कोणासाठी लावलास?" याला खरेच उत्तर नव्हते.

त्यांचा मुलगा रापणीवर येत नाही, स्कुबाच्या होडीवर जातो. रापण ओढायला माणसे लागतात, दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, पण वाट्यात येणारी मासळीच कमी झाली तर पोर किती दिवस ओढणार? आपल्याकडच्या रापणींचेही काय वेगळे झाले? खोल्यांचा हिशेब काकी बघतात. खोल्यांचे पैसे होडीच्या पैशांत मिसळायचे नाहीत, वेगळ्या डब्यात. आपल्यातल्या दोघी-तिघी घरात खोल्या काढायच्या विचारात आहेत, त्यांनी काकींना बरेच खोदून विचारले. एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पर्यटनाने बंदीचे दोन महिने भरून निघतील असे समजू नका. जूनमध्ये मासळी बंद होते तेव्हा पाहुणाही बंद होतो. दोन्ही धंदे एकाच समुद्रावर आहेत. डबा मेपर्यंत भरायचा आणि ऑगस्टपर्यंत पुरवायचा.

फिरणे उरलेल्या वेळात झाले. किल्ला अर्थात बघितला. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी मुहूर्त केला, त्या पूजेची जागा मोरयाचा धोंडा म्हणून अजून दाखवतात. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. संध्याकाळी बंदरावरचा लिलाव आवर्जून बघा, मावशीला तिथून ओढून आणावे लागले.

स्कुबाला पोरे गेली, पण लाइफ जॅकेट अंगावर चढवून पट्टे आम्ही स्वतः ओढून बघितल्यावरच. मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले होते. आपण दर्यावर्दी म्हणून छाती काढून बसू नका, पोहता येणारा माणूसही होडीखाली अडकतो. होडीत माणसे जास्त वाटली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

देवगड, विजयदुर्ग राहिले. ते मालवणात राहून करण्यासारखे नाही, जाऊन-येऊन दिवस मोडतो. तिथे एक रात्र देवगडातच काढावी लागेल.

निघताना काका आणि आमचे दोघे मालक यांनी एकमेकांचे नंबर घेतले. फेब्रुवारीत एकदा रात्री काकांचा फोन आला, जाळ्यांवर बोट आली आहे म्हणून. बोट आपली नव्हती. तरी मालकाने उठून मालीमला चार जणांना फोन केले. कुणाची ते शेवटपर्यंत कळले नाही. काकांचे जाळे गेले ते गेलेच.

दिवाळीनंतरच्या पुनवेला पुन्हा जायचे ठरते आहे, या वेळी एक रात्र वेंगुर्ला, दोन रात्री देवबाग. काकांकडे तीनच खोल्या आहेत, बाकीच्यांची सोय शेजारच्या दोन घरांत होईल, काकी बोलून ठेवतात. जास्तीत जास्त 20 माणसे. नावे गणेश चतुर्थीच्या आधी ऑफिसात द्या. ट्रॉलरवाल्यांनी जरूर यावे, काकांनी तसे सांगितले आहे.